मधे मधे ‘हौ’

तुम्ही मनातलं काही सांगत आहात आणि समोरचा माणूस शब्दही काढत नाही, तर तुम्ही त्याला सभ्य म्हणाल की दगड? वर्ध्याला उतरेपर्यंत मी त्याला सभ्य म्हणत होते.

स्टेशनाबाहेर तर्री-पोहे (हरभऱ्याचा जाळ रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले, डोळे पुसले आणि पिपरी मेघेच्या ऑटोत बसले. ऑटोवाले काका भाचीच्या लग्नातली गंमत सांगू लागले. मी सभ्यपणे, मधे न बोलता ऐकत होते. चौकात त्यांनी मागे वळून पाहिलं.

“ताई, रागावल्या काय?”

“नाही हो, ऐकतेय.”

“मंग ‘हौ’ म्हना ना! मले वाटलं, भिताडासंग (भिंतीशी) बोलून राह्यलो.”

शेजारी बसलेल्या मावशींनी लगेच “हौ ना बाप्पा” म्हणून त्यांची गाडी पुढे ढकलली.

पिपरी मेघेत माझी मैत्रीण वैशाली काम शिकत होती. संत्र्याच्या बागेत वाढलेली, शेतकीची पदवी घेतलेली. शेतकऱ्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका खासगी केंद्राने तिला तीन महिने अजमावायला ठेवलं होतं आणि त्या दिवशी शेवटची परीक्षा नि निकाल होता, म्हणून मी सोबतीला आले होते. भिंतीवर नियम टांगला होता : ‘ग्राहक बोलत असताना एकही शब्द उच्चारू नये.’ शहरातून आलेल्या प्रशिक्षक सरांनी त्याचं महत्त्व आम्हाला पाऊण तास समजावलं. आम्ही नियम तंतोतंत पाळला.

मग परीक्षेचा फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला गेला. पलीकडे आष्टीकडचे एक आजोबा होते.

“बाई, संत्र्याची फळं गळून राह्यली...”

वैशालीने ओठ मिटले.

“हालो? आयकून राह्यली काय? हालो! कटला वाट्टे.” आजोबांनीच फोन ठेवला.

तीनदा हेच झालं. “नेटवर्क,” सर म्हणाले. इकडे आम्ही तिघं त्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकत होतो.

चौथ्यांदा फोन वाजला आणि वैशालीचा चेहरा बदलला.

“फळं गळून राह्यली, बाई.”

“हौ बाबा.”

“आता तुले काय सांगू...”

“सांगा ना. मंग?”

“बुडाशी पानी साचून राह्यते.”

“अस्सं! कवापासून?”

नियमाने तीन फोनांत न कळलेलं दुखणं तिच्या ‘मंग’ने क्षणात बाहेर काढलं. तिने चर खोदून पाणी काढायला सांगितलं. आजोबा म्हणाले, “सुखी राह्य, माय. आंधी (आधी) काऊन (का) नाई बोलली?”

सरांनी कागदावर लिहिलं : ‘ग्राहकाला अकरा वेळा अडवले.’ नोकरी पक्की झाली नाही. परीक्षा महिनाभर वाढली.

संध्याकाळी एसटीने तिच्या गावी, तळेगावला गेलो. तिच्या आईने पाटवडीचा रस्सा वाढता वाढता सगळी हकिकत ऐकली. दर वाक्याला ‘हौ’ म्हणत, अर्थात. शेवटी म्हणाली, “मुकीच पोरगी पायजे व्हती, तं तुले शिकवलं काऊन त्याइनं?”

वैशाली हसली नाही. आता तिची नोकरी फोन करणाऱ्यांनी दिलेल्या गुणांवर आहे. बोलणं संपलं की एक यांत्रिक आवाज पाचापैकी किती गुण ते विचारतो आणि तेवढ्या आकड्याचं बटण दाबायला सांगतो. पण काम झालेला माणूस यंत्राशी कशाला बोलेल? फोन ठेवून बागेत जातो. मग गुणाचा रकाना कोराच राहतो.

सकाळी परतीच्या गाडीत मी विचार करत होते : ऐकणं म्हणजे गप्प बसणं, हे ठरवलं कुणी? ज्यांच्या पुढ्यात मधे बोलायची कुणाची छाती होत नाही, त्यांनीच ठरवलं असणार. त्यांना शांतता म्हणजे आदर वाटतो. आष्टीच्या आजोबांना मात्र ती तुटलेला फोन वाटते, आणि त्यांचंच बरोबर आहे.

म्हणून एक मागणं. अशा कुठल्याही केंद्रात फोन केलात आणि पलीकडची पोर तुमच्या बोलण्यात मधे मधे ‘हौ’ म्हणाली, तर काम झाल्यावर लगेच फोन ठेवू नका. यंत्राचं रटाळ बोलणं तेवढं सोसा आणि पाचापैकी पाच दाबा.