बिशानमधली भट्टी

ती घटना आठवली की मला सर्वांत आधी नळाचा आवाज ऐकू येतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील बोटीवर खलाशी होते, ते सिंगापूरलाच राहिले आणि मी इथल्या पोलिसांत लागलो. आजवर मी फक्त रिपोर्ट लिहिले आहेत. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक सिंगापूरच्या बिशान भागातल्या पोलीस चौकीत होती. एका दुपारी जवळच्या इमारतीतले एक चिनी आजोबा खबर घेऊन आले. त्यांच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक भारतीय म्हातारी दारू गाळत होती. वास आला म्हणून डोकावल्यावर उघड्या दारातून त्यांनी पातेले पाहिले होते, तांब्याची नळी आणि बाटलीसुद्धा.

"माझे काका कांपोंगमध्ये, आमच्या खेड्यात, हेच करायचे," ते इथल्या 'लाह'च्या लकबीत म्हणाले. "मला कोण फसवणार, लाह?"

सिंगापुरात दारू कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, पण घरी गाळणे हा गंभीर गुन्हा. पुरावा मिळाला तर प्रकरण कस्टम्सकडे जाते. मी आणि माझा चिनी सार्जंट लगेच निघालो.

दार वाजवले. "पोलीस" म्हणताच आतून भांड्यांचा खणखणाट झाला आणि नळ धो धो वाहू लागला. बऱ्याच वेळाने साठी उलटलेल्या एका बाईंनी दार उघडले. नऊवारी, ओले हात. स्वयंपाकघरात फिनेलचा इतका उग्र वास की डोळे चुरचुरले. पातेले रिकामे, बाटली धुतलेली. फक्त झाकणाच्या कडेला वाफ कोंडायला लिंपलेली कणीक तेवढी राहिली होती.

"सर, ही तर जुनी खेळाडू दिसते," सार्जंट इंग्रजीत पुटपुटला.

मी मराठीत बोललो तेव्हा बाई दचकल्या. मग अटक ठरलेलीच असल्यासारख्या हातातल्या बांगड्या काढून ओट्यावर ठेवू लागल्या. "साहेब, पंच कोण घेणार? शेजारचे नका घेऊ. आतमध्ये सून बाळंतीण आहे, तिला कळू देऊ नका."

"मावशी, बांगड्या घाला. पातेल्यात काय होतं?"

"ओव्याचा अर्क. बाळाच्या पोटात कळ येते. रात्रभर रडतं."

"मग ओतला कशाला?"

त्या ओल्या हातांकडे बघत म्हणाल्या, "दार वाजलं की हात आपोआप ओततात हो."

मी त्यांना खुर्चीवर बसवले. त्या हळू आवाजात बोलू लागल्या. मुंबईत दारूबंदी आली तेव्हा त्या नव्यानेच लग्न होऊन आल्या होत्या. पुढे नवरा गोदीत अपघातात गेला. पदरात मूल. चाळीत एकीने हातभट्टी शिकवली. दारावर थाप पडली की माल मोरीत, वरून फिनेल, हे तिनेच शिकवले होते. दोनदा पकडल्या गेल्या. मुलाला मात्र सांगितले, मी शिवणकाम करते.

"पुढं दारूची परमिटं निघाली. मग दुकानंच उघडली. सगळे म्हणाले सरकार हरलं. मी म्हटलं, सुटले बाई. त्या दिवशी भट्टी फोडली न्‌ खरंच शिवणाचं मशीन घेतलं." पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "आता मुलगा बोटीवर चीफ इंजिनीअर आहे. त्याची नोकरी, इथं राहायचा पास... माझ्यामुळं जाईल का हो?"

एवढ्यात आतून सुनेने विचारले, "आई, कोण आलंय?"

बाईंनी माझ्यापुढे हात जोडले. "पोलीस, ताई. वासाची तक्रार होती," मी म्हणालो. ते खरेच होते.

सार्जंटला मी सगळे समजावून सांगितले. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचा प्रश्न रास्त होता. "गोष्ट चांगली आहे, सर. पुरावा कुठे आहे?"

पुरावा तर बाईंनी स्वतःच वाहून टाकला होता. "मावशी, अर्क मोरीत गेला. चोथा?"

त्यांनी ओट्याखालच्या कचऱ्याच्या झडपेकडे बोट दाखवले. इथल्या फ्लॅटमध्ये त्या झडपेतून टाकलेला कचरा थेट तळमजल्यावरच्या पेटीत पडतो. आम्ही खाली जाऊन पेटी उघडायला लावली. माशांच्या काट्यांखाली मलमलीची एक पुरचुंडी सापडली, अजून कोमट. सार्जंटने गाठ सोडली, वास घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"हे बाळाला पाजणार? मग ते रडेलच, लाह."

उकडलेला ओवा होता. गूळ नाही, आंबलेले काही नाही. पुरचुंडी, पातेले आणि नळी आम्ही तपासणीला पाठवली. जबाबात मी अर्काबद्दल सगळे लिहिले. मुंबईची हकीकत दुसऱ्या देशातली, तिथेच निकाली निघालेली. ती लिहिली नाही. तपासणीच्या रिपोर्टमध्ये मद्याचा अंश निघाला नाही आणि वरिष्ठांनी प्रकरण बंद केले.

आरोपीने पुरावा नष्ट केला की तो दोषी, असे आम्हाला शिकवले होते. बहुतेकदा ते खरेही असते. पण बंदी उठली तरी तिची भीती माणसाच्या हातात किती वर्षे राहते, हे त्या बाईंनी मला दाखवले. त्यानंतर झडती घेताना मी एक प्रश्न नेहमी विचारत आलो: ही थाप तुम्ही आधी कुठे ऐकली आहे?

पातेले परत करायला मीच गेलो. दारावर थाप मारली, "पोलीस" म्हणालो आणि कान देऊन उभा राहिलो.

आत नळ वाजला नाही. बाईंनी दार उघडले. खांद्यावर बाळ झोपलेले होते. ओठांवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय."