रंगवलेलं दार

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. सत्काराच्या वेळी लोक ती माझ्यासमोरच हसत हसत सांगतात. मी मान खाली घालतो आणि त्यांना तो माझा विनय वाटतो.

नेपथ्यात माझं नाव झालं ते वांकिडीकडच्या एका गावातल्या नाटकापासून. मी त्यात दिवाणखाना उभा केला होता. लाकडी चौकटींवर ताणलेलं कापड, सरस घालून कालवलेला रंग आणि मधोमध खरंखुरं दार. प्रयोगाच्या दिवशी ते दार अडकायला लागलं. मी ते काढलं, जागा कापडानं बंद केली आणि त्यावर अर्धवट उघडं दार रंगवलं. फटीतून अंगणातलं ऊन आत येतंय, असं. बाहेर जायची वाट आता बाजूच्या विंगेतून होती.

हे मी सगळ्यांना सांगितलं, दादांना तेवढं नाही. दादा भीमपूरचे, आमच्या भागातले सगळ्यात मोठे नट. बापाचं काम त्यांचं, तेही शेवटच्या अंकात. ते चेहरा रंगवून घेत होते, पण दोन शब्द सांगायला कितीसा वेळ लागतो? मला पाहायचं होतं, दार त्यांना फसवतं का.

मुलाला घराबाहेर काढून बाप तावातावानं निघतो. दादा निघाले ते सरळ त्या दारावर आदळले. चौकट हादरली, ते पाठीवर पडले. मांडवात हशा उसळला.

"बुढ्याले जास्त झाली रे!" कोणीतरी ओरडलं.

प्रयोग संपल्यावर लोक स्टेजवर चढले ते दाराला हात लावायला. एका म्हातारीनं फटीतल्या उन्हावर तळवा ठेवला. "चटका नाई लागत बाप्पा, पण ऊनच हाये!" पोरांनी मला खांद्यावर घेतलं. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा झाला नाही. पुढे इचोड्यापासून पार नदीपलीकडच्या गावांपर्यंत माझे पडदे गेले. नद्या रंगवल्या, जंगलं रंगवली, राजवाडे रंगवले. नटाआधी टाळी माझ्या कामाला पडायची. अजूनही पडते.

दादांनी मात्र काम सोडलं. वाट बदलल्याचं त्यांनाही माहीत असणार, तेव्हा ते पिऊनच आले होते असं सगळ्यांनी ठरवलं आणि मी ते ठरू दिलं.

गेल्या वर्षी धीर करून त्यांच्या घरी गेलो.

"या पेंटर! बिनधास्त या, आमचं दार खरं हाये," ते हसले. मग चहाचा कप पुढे करत हळूच म्हणाले, "मी कदी थेंब नाई घेतला रे. पण सारेच म्हंतेत, त पेलो असन त्या दिवशी. आता मलेच याद नाई."

"चहा मस्त झाला, दादा," एवढंच मी बोललो.

कापूस वेचणीला आला तेव्हा दादा गेले.

दादा, तुमी पेले नव्हते. ती वाट मीच बंद केली होती, अन् मुद्दाम तुमाले सांगतलं नाई. मले माफ करा.