उंट बसलेलं वावर

कापूस निघाला की आमच्या रिकाम्या वावरात कच्छचे रबारी उंट घेऊन उतरायचे. उंट रात्री तिथंच बसायचे, त्याबदल्यात आई रबाऱ्यांना ज्वारी द्यायची. पुढच्या पावसाळ्यात, जिथं लेंड्या पडल्या होत्या तेवढ्या तुकड्यातली कपाशीची पऱ्हाटी अशी काळीभोर यायची की उंट कुठं बसले होते ते रस्त्यावरूनही कळायचं.

आता गावभर तारेची कुंपणं झाली. आमच्या कुंपणात मात्र आईनं उंट शिरेल एवढी वाट हट्टानं ठेवायला लावली.

यंदा त्या वाटेनं टेम्पो आला. मागे बाजा, भांडी, पोरंबाळं. ओळखीचा भीमाभाई रबारी खाली उतरला.

"उंट विकले, माय. चारायला रान कुठं राहिलं? आता मजुरीला निघालो."

आई टेम्पोकडे बघत राहिली. "मग वावरात काय बसवू, हे?"

मला वाटलं, आपण मातीकडून घेतच राहिलो. तिच्याकडे मुक्कामाला येणारं मात्र एकेक कमी होत गेलं.

रात्र वावरातच काढून सकाळी ते गेले. लेंड्या पसरवायला जायची तशीच आई फावडं घेऊन निघाली. टेम्पो उभा होता तिथं तेलाचा काळा डाग पडला होता. तिनं तेवढी माती उकरली आणि बांधाबाहेर टाकली.