पस्तीस, पंचावन्न की शंभर?

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वळण आलं की हॉर्न, चढ आला की हॉर्न, आणि समोर काहीच नसलं तरी सवय म्हणून एक हॉर्न, यामुळे ते त्याला चिकटलं. डोंगरावरच्या वस्तीतून सकाळच्या पाळीच्या नर्सबायांना घ्यायचं, घाट उतरायचा, त्यांना खालच्या इस्पितळाच्या दारात सोडायचं आणि दुपारी परत वर आणायचं, हा त्याचा धंदा. अंगाने आडवा, राग नाकावर. पण व्हॅन अशी ठेवायचा की मागच्या सीटवर बिस्किटाचा चुरा सांडला तरी त्याला आरशात दिसे. निदान तो तसं म्हणायचा.

पुढच्या सीटवर त्याची बायको बसायची. काही वर्षांपूर्वी तिने एकाएकी इस्पितळाच्या लाँड्रीत नोकरी धरली. "घरात काय कमी पडलंय तुला?" म्हणून भोंगा महिनाभर कुरकुरला. ती रोज पहाटे डबा घेऊन पुढे बसायला लागली आणि बसल्यापासून उतरेपर्यंत तिचं तोंड सुरू. बहीण फोनवर काय म्हणाली, चादरींवरचे डाग कसे निघत नाहीत, सोड्याने हात कसे सोलले, आणि मधेच "वळण आलं हं," मधेच "पुढे टेम्पो आहे, हळू," मधेच "तो दगड." घाटात एका ठिकाणी कड्याचा एक मोठा दगड रस्त्यावर पुढे आलेला होता, तिथे रस्ता अरुंद व्हायचा. त्या दगडाचं नाव घेतल्याशिवाय तिने तो कधी ओलांडला नाही. भोंग्याचे कान किटायचे. "गाडी मी चालवतोय की तू?" तो खेकसायचा, आणि मागच्या सगळ्याजणी हसायच्या.

त्या थंडीत तिची बहीण जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. बायकोने बॅग भरली. निघताना दारात उभी राहून म्हणाली, "अहो, धुकं असेल त्या दिवशी गाडी काढू नका. सिस्टरना सांगून टाका."

"हा घाट मला काय आज शिकवतेस?" भोंगा म्हणाला. ती गेल्यावर खरं तर त्याला बरंच वाटलं. निदान चार दिवस कानांना सुट्टी.

सुट्टी फार टिकली नाही. दोन दिवसांनी धुकं उतरलं आणि भोंग्याला समोरचं काही दिसेना. नुसतं पांढरं. धुक्याचे दिवे लावले, तर ते पांढरं जरा चमकायला लागलं, एवढाच फरक. काच पुसली, खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं, हॉर्न वाजवून वाजवून सगळ्यांचं डोकं उठवलं. गाडी मुंगीच्या चालीने निघाली होती म्हणून निभावलं, नाहीतर बंपर सरळ त्या दगडात घुसला असता. करकचून ब्रेक लागला. मागे कुणाचा तरी डबा उघडून भात सांडला, आणि कोणी हसलं नाही.

मोठ्या सिस्टर खाली उतरल्या, बंपर आणि दगड यांच्यामधल्या फटीत हात घालून बघितलं आणि परत येऊन बसल्या. इस्पितळाच्या दारात त्या थांबल्या. "काका, आमच्यातल्या तिघींची मुलं अजून शाळेतही जात नाहीत. दिव्यांचं काय ते करून घ्या. पुढच्या आठवड्यात असंच झालं, तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल."

हे भोंग्याच्या जिव्हारी लागलं. त्यातल्या दोघींना तर त्याने त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी खाली नेलं होतं. दुसरी गाडी! पण सिस्टरनी 'दिव्यांचं' म्हटलं होतं, आणि तेवढा शब्द त्याने घट्ट धरला. दिवेच बदलायला हवेत. त्यात काय अवघड आहे?

तो स्पेअर पार्टच्या दुकानात गेला आणि ऐटीत म्हणाला, "धुक्याचे बल्ब द्या."

"किती वॅट?" दुकानदाराने विचारलं. "पस्तीस, पंचावन्न की शंभर? पांढरा की पिवळा? एक पायाचा की दोन? होल्डर कुठला आहे?"

भोंगा त्याच्याकडे बघतच राहिला. पायाच्या डॉक्टरकडे जावं आणि त्याने बुटाचा रंग विचारावा, तसं त्याला झालं. "चांगला द्या," तो शेवटी म्हणाला. मागे रांग लागली होती. दुकानदाराने हात जोडले आणि जुना बल्ब काढून आणायला सांगितलं.

तो जुना बल्ब काढत असताना ट्रक चालवणारा मेहुणा आला. "भावोजी, पस्तीस वॅट? हा काय देवळीतला दिवा आहे?" असं म्हणून त्याने खिशातून दोन बल्ब काढले. "माझ्या गाडीचे सत्तरचे. लावा, आणि मग मला सांगा." भोंग्याने लावले, बटण दाबलं, आणि दोघं खाली वाकून बघत बसले. बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लाल मिणमिणत होते. पस्तीसपेक्षा सत्तर मोठे, हे तर पोरगंही सांगेल. मग सत्तर कमी कसे?

"ट्रक चोवीस व्होल्टचा, तुमची व्हॅन बारा व्होल्टची," कोपऱ्यावरचा वायरमन म्हणाला. गाड्यांच्या वायरिंगचं काम तोच करायचा, आणि बोलताना त्याच्या तोंडात कायम एक वायरचा तुकडा असायचा. "बल्ब चोवीसचा असला तर बारावर तो काय पेटणार?"

"म्हणजे आधी व्होल्ट आणि मग वॅट?"

"हां."

"मग बारा व्होल्टमधला सगळ्यात मोठा दे."

वायरमन नको नको म्हणत होता, पण भोंगा ऐकणाऱ्यातला नव्हता. शंभरचे बल्ब बसले. अंगणात लावून बघितले तर समोरच्या घराची भिंत अशी उजळली की शेजारीण खिडकी उघडून शिव्या द्यायला लागली. भोंगा खूश. दुसऱ्या सकाळी मात्र घाटात धुकं होतं, आणि काचेबाहेर कोणीतरी धुतलेली चादर वाळत घातल्यासारखं झालं. नुसता लखलखाट, आणि त्यात काही म्हणजे काही नाही. वर काहीतरी जळल्याचा वास. वळणाच्या आधीच गाडी बाजूला घेऊन त्याने दिवे बंद केले आणि धुकं विरेपर्यंत तिथेच थांबला. सगळ्याजणी पाळीला उशिरा पोचल्या. मोठ्या सिस्टरनी उतरताना मनगटावरचं घड्याळ नुसतं त्याच्यापुढे धरलं.

होल्डर वितळून वाकडा झाला होता. वायरमनने तो काढून भोंग्याच्या हातावर ठेवला. "सांगितलं होतं. तुमची वायर एवढा भार घेत नाही. आणि धुक्यात जास्त उजेड टाकला की धुकं तो तुमच्याच डोळ्यांवर परत फेकतं."

"म्हणजे जास्त उजेडात कमी दिसतं?"

"धुक्यात, हो. दिवा लहान चालेल, पण खाली बसवलेला हवा आणि त्याचं तोंड रस्त्याकडे हवं. पंचावन्न लावू. पिवळे."

"आणि पस्तीस?"

"तेही वाईट नव्हते. बरेचजण तेच वापरतात."

भोंग्याचं डोकं पार भंजाळलं. हातातल्या होल्डरकडे बघत तो म्हणाला, "पस्तीस चालतात, तर मला पस्तीसमध्ये का दिसलं नाही? गेल्या वर्षी याच दिव्यांनी मी सगळं धुकं काढलं. तेव्हा कसं दिसलं?"

वायरमनने तोंडातला वायरचा तुकडा काढला. "तिथे माझीही गाडी अडते, काका," तो म्हणाला. "रविवारी मी येतो बरोबर. बघू."

रविवारी धुकं भरपूर होतं आणि व्हॅन रिकामी. पंचावन्नचे पिवळे बल्ब बसले होते, वायरमनने त्यांची तोंडं स्वतः वाकून खाली वळवली होती. तो पुढच्या सीटवर बसला. भोंगा जपून निघाला, हॉर्न वाजवत.

"झकास!" वायरमन म्हणाला. "आता कसं? रस्त्याची कड दिसतेय, मधली रेघ दिसतेय. पार पुढचा दगडसुद्धा दिसतोय."

"कुठला दगड?" भोंग्याने विचारलं.

वायरमनने वळून त्याच्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "काका, गाडी थांबवा."

भोंगा खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेने चालायला लागला. बरंच चालल्यावर पांढऱ्यातून आधी एक काळपट डाग आला, आणि अगदी जवळ गेल्यावर त्याचा दगड झाला. त्याने त्यावर हात ठेवला. मागे व्हॅनचे दोन पिवळे दिवे होते, पण त्याला ते दोन दिसत नव्हते. एकच मोठा पिवळा पसारा दिसत होता, कडा फुटलेला. किती वर्षं दिवे त्याला असेच दिसत होते? दिवे असेच दिसतात, असं तो समजून चालला होता.

आणि मग त्या दगडाला हात लावून उभा असताना त्याला ते ऐकू आलं. वळण आलं हं. पुढे टेम्पो आहे, हळू. तो दगड.

गाडी वायरमननेच परत आणली. घरी आल्याबरोबर भोंग्याने बायकोला फोन लावला आणि बहिणीच्या पायाची चौकशीही न करता विचारलं, "तुला माहीत होतं?"

ती म्हणाली, "गाडी काढलीत ना धुक्यात?"

"माहीत होतं का, ते सांग."

"एकदा बाजारातून येताना तुम्ही गाढवाला हॉर्न वाजवला. ते गाढव नव्हतं, पाण्याची टाकी होती. तेव्हा म्हटलं, डोळे दाखवून घ्या, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, माझ्याशी बोललाही नाहीत. मग म्हटलं, आपणच बसावं शेजारी."

"आणि लाँड्री?"

"उगाच रोज गाडीत कोण बसू देईल मला? काहीतरी कारण नको?"

भोंग्याला तिचे सोलवटलेले हात आठवले. तिचं चुकलं, हे मात्र सांगायलाच हवं. मागे सीटवर लेकुरवाळ्या बायका होत्या, आणि नवऱ्याचा राग सांभाळायला त्यांचा जीव पणाला लावायचा नसतो. ती स्वतःही ते म्हणाली, आणि फोनवर रडली. भोंगा तिला रागावला नाही. कुठल्या तोंडाने रागावणार?

त्याच दिवशी त्याने मोठ्या सिस्टरना जाऊन सांगितलं, दिव्यांचं काही नव्हतं, डोळ्यांचं होतं, आणि तुम्ही दुसरी गाडी बघा. सिस्टर चिडल्या, चिडायलाच हव्या होत्या. मग त्यांनीच त्याला डोळ्यांच्या विभागात नेऊन बसवलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनं होईपर्यंत व्हॅन मेहुण्याने चालवली, पंचावन्नच्या पिवळ्या दिव्यांवर, आणि भोंग्याने घरात बसून त्याच्या हॉर्न न वाजवण्याला नावं ठेवली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पहिल्यांदा घाटात उतरला, त्या सकाळीही धुकं होतं. मागे सगळ्याजणी होत्या. त्या परत बसल्या होत्या, पण अजून अंग आवळून बसल्या होत्या. बायको डबा मांडीवर घेऊन पुढे बसली होती. लाँड्री आता सोड, असं त्याचं सांगून झालं होतं, आणि ती महिनाअखेरीला सोडते म्हणाली होती. कडेचं गवत दिसत होतं, मधली रेघ दिसत होती, आणि लांबवर तो दगड. बायको गप्प होती.

दगड जवळ आला. भोंग्याने वेग कमी केला.

"अगं, म्हणाली नाहीस?"

"काय?"

"दगड."

"आता दिसतो ना तुम्हाला?"

"दिसतो," भोंगा म्हणाला. "तरी म्हण."