अण्णाच्या नावाचा करंडक आम्हाला नको

सर, तुमची ती श्रद्धांजलीची पोस्ट डिलीट करा.

आज माझ्या भावाला, दत्ताअण्णाला, जाऊन वर्ष झालं. घरात वर्षश्राद्धाची गडबड, आई सकाळपासून चुलीपुढं, फेसबुकवर तुमची श्रद्धांजलीची पोस्ट, आणि माझ्या मोबाईलवर तुमचा मेसेज: "ताई, दत्ताच्या नावानं अकॅडमीत करंडक सुरू करतोय. सर्वांत सेफ ड्रायव्हरसाठी."

सेफ ड्रायव्हर!

मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा घाबरट म्हणायला तुम्हाला ट्रॉफी लागते?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अण्णा आमच्या सीमाभागातल्या भालकीचा. कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवता चालवता हैदराबादला गो-कार्टिंग शिकला आणि तिथून फॉर्म्युला फोरमध्ये गेला. एकाच माणसाची, उघड्या चाकांची रेसिंग कार. रेसर व्हायचं तर कार्टिंगनंतरची पहिली पायरी तीच.

इथल्या ट्रॅकवर त्यानं भल्याभल्यांना पाणी पाजलं. त्याचे कोच हे सर.

मग इंग्लंडच्या एका टीमनं ट्रायल ठेवली. सीट एकच. जाणारे दोघं: अण्णा आणि सरांचा सख्खा भाचा.

आता गंमत ऐका. नाव फॉर्म्युला फोर, पण गाडी देशागणिक वेगळी.

अण्णा ज्यात जिंकायचा ती इथली गाडी म्हणजे साध्या कारचं इंजिन, हातानं टाकायचा गिअर, रस्त्यावर चालतात तसले नक्षीचे टायर. तिकडच्या गाडीला हवेच्या जोरानं खाली दाबून धरणारे पंख, गिअर स्टीअरिंगमागं, टायर एकदम गुळगुळीत. जपानचं इंजिन वेगळं, अमेरिकेचं वेगळं. हे मला कुठून कळलं? अण्णा जेवताना सांगायचा. ताटातलं वरण गार व्हायचं, याचं संपायचं नाही.

ते गुळगुळीत टायर तापल्याशिवाय रस्ता धरत नाहीत. पंखसुद्धा वेगाशिवाय काम करत नाहीत. म्हणजे तिथं जो हळू जाईल तोच घसरेल.

अण्णानं हे सगळं वाचलं होतं. पण तसली गाडी कधी चालवली नव्हती. म्हणून निघायच्या आधी सर आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा पाया पडून त्यानं विचारलं.

"सर, तिथं थंडी असती. टायर गार राहत्यात म्हणं. कसं करू?"

"अरे, फॉर्म्युला फोर म्हणजे फॉर्म्युला फोर. देश बदलला म्हणून ड्रायव्हिंग बदलतं का? पहिले राऊंड हळू घे. टायर जप. इथल्यासारखंच."

आमच्या घरचं मीठ खाऊन बोललात हे, सर.

तुम्ही गेल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तू तर उलटं सांगायलतास की. दुसऱ्या कुणाला तरी इचार."

"कामून इचारू? आत्ताच पाया पडलो की त्यांच्या."

आमच्याकडं हे असंच. ज्याच्या पायाला हात लावला, त्याचा शब्द दुसऱ्याकडं तपासायला न्यायचा नसतो. अण्णानं मोबाईलसुद्धा उघडून बघितला नाही.

तिकडं तो हळू गेला. टायर जपले. वळणावर गाडी गर्रकन फिरली आणि कठड्याला धडकली. त्याला खरचटलंही नाही, पण ट्रायल संपली. सीट भाच्याला.

आणि दोघं परत आल्यावर, सर, तुम्ही मुलाखतीत काय म्हणालात?

"टॅलेंट आहे, पण वेगाची भीती वाटते. गावाकडच्या मुलांचं असंच होतं."

ती क्लिप भालकीत घरोघरी फिरली. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर माझ्या भावाचं नाव पडलं, "हळूअण्णा". उदगीरहून स्थळ आलं, तेही हसत हसत विचारून गेलं, "पाव्हणं टमटम तरी चालवत्यात का?"

अण्णा पुन्हा रेसला गेला नाही. ड्रायव्हिंग स्कूल काढलं. तुमच्याबद्दल वाईट बोलू द्यायचा नाही. "सरांचं काय चुकलं? मलाच जमलं न्हाई." असंच म्हणत राहिला, आणि डेंग्यूचं निमित्त होऊन गेला.

तेराव्याला तुमचा भाचा आला. एकटाच. पान वाढलं तर हात लावेना.

आई म्हणाली, "जेव की बाबा. कामून रडायलास?"

"मामांनी मला उलटं सांगितलं होतं, काकू. पहिल्या राऊंडपासून ॲक्सिलरेटर तुडव, ब्रेक दाबून दाबून टायर तापव. दत्ताला काय सांगितलंय तेही हसत हसत सांगितलं होतं. मी गप्प बसलो."

आईनं वाढायचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "थंड्या तव्यावर भाकर टाकाय लावली की रे माझ्या लेकराला."

त्या दिवसापासून, तुम्ही अण्णाचं नाव कधी काढता याची मी वाट बघत होते, सर.

शिव्या मला मराठी, कन्नड, दखनी तिन्हीत येतात. एकही देणार नाही. दिल्या तर लोक म्हणतील, बाई दुःखात आहे.

मला एवढंच हवंय की तुमच्या अकॅडमीतल्या प्रत्येक पोरानं तुमचा प्रत्येक शब्द आधी दुसऱ्याला विचारावा. तुमच्यासमोर विचारावा. तुम्ही "हळू घे" म्हणालात की त्यांच्या आईबापांनी एकमेकांकडं बघावं. आणि हे तुम्ही म्हातारे होईपर्यंत चालावं.

करंडक ठेवा तुमच्याकडं. अण्णाचं नाव त्यावर कोरलंत, तर मी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन येते.

ही पोस्ट टाकायच्या आधी तुमच्या भाच्याला फोनवर वाचून दाखवली. विचारलं, तुझं नाव घालू का?

म्हणाला, "ताई, नाव मीच घालतो."

खालची पहिली कमेंट त्याची असेल, त्याच्या नावानिशी. भालकीकरांनो, वाचा. टपरीवर मोठ्यानं वाचा.

अण्णा, तू त्यांना माफ करून गेलास. तुझा स्वभाव तसा. माझा नाही.

तू घाबरला नव्हतास रे.

सुखानं जा.

तुझी धाकटी