मुलीची निवडणूक आणि आमचा कौल

मुलीने जर्मनीतल्या एका राज्याच्या निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं, तेव्हा फोनवर ती सहज बोलून गेली, "पडले ना बाबा, तर पुण्याचा जॉब घेईन. ऑफर आहेच." त्या क्षणी मी तिच्या विरोधी पक्षात दाखल झालो.

उघडपणे नाही, अर्थात. ही मुलगी इथे आखातात, फहाहीलमध्ये वाढली, शिकायला म्हणून जर्मनीला गेली आणि तिथलीच नागरिक झाली. मी पुढच्या वर्षी तेल कंपनीतून निवृत्त होणार, मग आम्ही दोघं पुण्याला. तिघं एका गावात राहायचा योग तिच्या शाळेनंतर आलाच नव्हता. आता तो आणायचं काम त्या राज्यातल्या मतदारांकडे होतं आणि माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. आमचं आडनाव त्यांना धड वाचता येणार नाही, मत कुठून देणार!

प्रचाराचे फोटो बघून तर मी निर्धास्तच झालो. ना लाउडस्पीकर, ना हार, ना जीप. बाजारातल्या चौकात एका छत्रीखाली लहानसं टेबल, त्यावर फुलांच्या बियांच्या पुड्या, आणि मागे स्वेटर घालून उभी आमची उमेदवार. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात पुडी द्यायची आणि बसच्या फेऱ्या वाढवण्याबद्दल बोलायचं. "हा काय प्रचार?" बायको म्हणाली. "कोथिंबीर विकायला बसल्यासारखी दिसते." पण तो फोटो तिने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, हेही मी पाहिलं.

शुक्रवारी मराठी मंडळी जेवायला जमली, तेव्हा दुसरा विषयच नव्हता. आपली माणसं वर्षानुवर्षं मत देत नाहीत, पण निवडणुकीतलं आपल्याला कळत नाही असं कुणी म्हणून दाखवावं! एकाने निकालानंतर पोरीचा फोन चालू ठेवायला सांगितलं, कारण बहुमत हुकलं की आमदारांना रिसॉर्टवर नेतात. तिथे आघाडी करायची तर पक्ष कित्येक आठवडे चर्चा करतात आणि ठरेल ते सगळं लिहून काढतात, असं मी मुलीकडून ऐकलेलं सांगितलं.

"लिहून?" तो चमच्यासकट थांबला. "मग फुटायचं कसं?"



निवडणूक रविवारी होती. जर्मनीत सुट्टी, आमच्याकडे कामाचा दिवस. मतमोजणी तिथे त्याच रात्री होते; उशिरा जेवता जेवता मी फोनवर तिच्या मतदारसंघाचा निकाल उघडला. मुलगी तिसरी. पहिल्या दोघांच्या आसपाससुद्धा नाही. मी चेहरा जमेल तेवढा पाडला आणि बायकोला सांगितलं. ती उठून भांडी आवरायला लागली. मुलीला फोन लागेना. बिचारी रडत असेल, सकाळी समजूत घालू, असं ठरवून मी झोपलो. वाईट वाटायला हवं होतं, पण झोप छान लागली.

सकाळी कंपनीची बस यायच्या आधी इमारतीखालच्या बकाल्यात दूध घ्यायला गेलो. हे किराणा दुकान रत्नागिरीकडच्या एका चाचांचं. मुलगी लहानपणापासून त्यांच्याकडे चॉकलेट घ्यायला जायची.

"काय झाला, भाऊ, निकालाचा?"

"पडली."

चाचांचा हात दुधाच्या बाटलीवरच राहिला. मला एकदम त्यांच्यापुढे लाज वाटली. "पडू दे हो," ते म्हणाले, "उभी रवली, हाच मोठा झाला. रडली काय?"

तेवढ्यात तिचाच फोन आला. मी तयार ठेवलेलं वाक्य सुरू केलं, "हे बघ बेटा, हार-जीत..."

"बाबा, मी निवडून आले! इट्स ऑफिशियल!"

"पडलीस तू," मी म्हणालो. "तिसरी आलीस. मी स्वतः वाचलंय."

"बाबा, मी सांगितलं होतं ना? इथे प्रत्येकाला दोन मतं असतात. एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, एक पक्षाला. उमेदवाराच्या मतात मी पडले. पण पक्षाला जेवढी मतं, त्या हिशेबाने जागा, आणि त्या पक्षाच्या यादीतून भरतात. मी यादीत होते. शेवटची जागा मला मिळाली!"

"म्हणजे मागच्या दाराने."

"बाबा! सगळ्यांचं दार हेच आहे."

"आपल्याकडे पडलेला माणूस पडलेलाच असतो. फार तर विधान परिषदेवर घेतात, तेही मागे लागला तर." मी दुकानात उभा राहून तावातावाने मुलीला तिचा पराभव पटवत होतो. चाचा माझ्याकडे बघतच राहिले होते.

पलीकडून ती हळूच म्हणाली, "बाबा, डिड यू वॉन्ट मी टू लूज?"

खोटं बोलायला जीभ वळेना. "हो," मी म्हणालो. "तू पुण्याला आली असतीस."

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "नेक्स्ट इयर तुम्ही दोघं तिथे आणि मी इथे. मीही रात्रभर तोच विचार करत होते. नाही घेतली ही जागा, तर यादीतला पुढचा माणूस येतो. अजून सांगू शकते मी त्यांना."

मला हवं होतं ते ती स्वतःहून देत होती. मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बायको बाहेर आली. गाऊनवर ओढणी, पायात चपला नाहीत. मुलीने आधी तिलाच कळवलं होतं. समोर इमारतीचा रखवालदार झाडत होता. त्याचा झाडू धरून ती हिंदीत ओरडली, "मेरी बेटी आमदार हो गई!" त्या बिचाऱ्या इजिप्तच्या माणसाला हिंदी येत नव्हती आणि आमदार म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, पण तो तोंडभर हसला. बायको हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा? ऐकताय ना?" फोनमधून आवाज आला. "येऊ का?"

"खबरदार," मी म्हणालो. "आता पुण्याचं नाव काढलंस तर बघ."