आझाद म्हणणारी एकच होती

आज सकाळी माझी आत्या गेली, आणि तिच्याबरोबर माझं खरं नावही गेलं.

तुम्ही सगळे मला दत्तात्रेय म्हणून ओळखता. ऑफिसात दत्ताजी होतो, सोसायटीत दत्ताकाका आहे. पेन्शनच्या पासबुकावरही तेच.

बापाने ठेवलेलं नाव वेगळं होतं. आझाद.

हसू नका. पोशीरच्या भातशेतीवाल्याच्या पोराचं नाव आझाद! तोवर आमच्याकडे हे नाव एकाच माणसाचं होतं, नेरळच्या म्हाताऱ्या टांगेवाल्याचं.

सन बेचाळीस. खोपोलीच्या पॉवरहाऊसमधून मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे आमच्या भागातली पोरं कापत होती. माझा बाप त्यांच्यात. त्यांच्या टोळीच्या नावातच आझाद हा शब्द होता. पोलिसांच्या कानावर तो पडला की माणूस आत.

मी आईच्या पोटात होतो. बाप एकदाच डोंगरातून खाली आला. त्याची धाकटी बहीण, माझी सोनीआत्या, बांधावर म्हशी राखत होती. वय बारा.

तिला म्हणाला, "सोने, पोरगा झाला तर आझाद. पोरगी झाली तरी आझाद. नाव तूच ठेवायचं हाय."

आमच्याकडे बारशाला नाव आत्याच ठेवते. आधी बाळाच्या कानात कुर्रर्र करून सांगते, मग सगळ्यांना मोठ्याने.

बारशाला सगळं गाव आलं. पाळण्याची दोरी धरून कोण बसलं होतं, तर पोलीस पाटलाची बायको. तिला बोलवायचं नाही म्हटलं असतं तर संशय अजून वाढला असता.

आत्या वाकली. माझ्या कानात म्हणाली, आझाद.

मग मान वर केली, समोरच्या भिंतीवर दत्ताची तसबीर दिसली, आणि ही ओरडली, "दत्तू!"

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. घुगऱ्या वाटल्या. कोणाला काही कळलं नाही.

आत्याचं म्हणणं मात्र एकच. कानात सांगितलं ते नाव. मोठ्याने सांगतात ते लोकांसाठी.

बाप परत आला नाही.

गोळी नाही, फाशी नाही. डोंगरात हिवतापाने गेला. एका ठाकर आदिवासीने येऊन निरोप दिला, तिकडेच जाळला म्हणून. हुतात्म्यांच्या कुठल्याही पाटीवर तो नाही. तापाने मेलेल्याला कोण हुतात्मा म्हणतो?

मग सत्तेचाळीस साल आलं आणि तो शब्द एकदम स्वस्त झाला.

सलूनच्या बोर्डावर आझाद. चहाच्या हॉटेलावर आझाद. चौक, चाळी, कबड्डीचे संघ, मुंबईत तर अख्खं मैदान. माथेरानला जाणाऱ्या एका घोड्याचंही नाव आझाद होतं, खोटं नाही सांगत. तोंडात लगाम, पाठीवर मुंबईची शेठाणी, आणि मालक ओरडतोय, "चल आझाद!"

घोड्याला मिळालं. मला नाही.

एकोणपन्नास साली शाळेत नाव घालायचं होतं. आत्या तोवर लग्न होऊन लोधिवलीला गेली होती. तेवढ्यासाठी ती पोशीरला आली. इथून पुढचं मला स्वतःला आठवतं.

"मास्तर, आझाद लिवा."

मास्तर चांगला माणूस. चष्मा पुसत म्हणाला, "अगं, फारसी शब्द आहे तो. अर्थ छान आहे, मोकळा. पण..."

आई मध्येच म्हणाली, "मोकळा झालाच की त्यो. आमाला हितं टाकून."

"वयनी, दादाची येवढी एकच विच्छा व्हती गं."

"त्या नावापायी माझं कुकू गेलं, सोने. आता पोराच्या अंगाला लावू व्हय? दत्तू लिवा, मास्तर."

मास्तरने दत्तात्रेय लिहिलं.

आत्या शाळेच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडली. आईही तिच्याजवळ जाऊन बसली. नाव मात्र बदललं नाही.

आईला मी दोष देत नाही. तिच्या जागी कोणीही हेच केलं असतं.

त्यानंतर आझाद म्हणणारी जगात एकच. लोधिवलीला गेलो की लांबूनच, "आझाद, हळू रं, पाय घसरंल." पुढे मोबाईल आले तरी, "आझाद, जेवलास का रं?"

फोन ठेवल्यावर मी काही वेळ तसाच बसून राहायचो. बायकोला वाटायचं, बीपी वाढलं.

गेली काही वर्षं आत्याचं सगळं विस्कटत गेलं. आधी नातवंडं विसरली, मग मुलगे, मग आपलं लग्न झालं होतं हेसुद्धा.

मागच्या महिन्यात भेटायला गेलो. खाटेवर बसली होती.

"कोन रं तू?"

"आत्या, मी. आझाद."

ती एकदम ताठ झाली. हात पदरात लपवले. तिच्या डोळ्यांतली भीती मला ओळखता आली. ती बारा वर्षांची झाली होती, आणि मी तिच्या दारात आलेला पोलीस होतो.

"असा कोन नाय आमच्यात," ती म्हणाली. "जावा तुमी."

"अगं आत्या, मीच तो. तूच ठेवलंस ना नाव?"

तिने हात जोडले. तोंड रडवेलं झालं होतं.

"नाय वो सायेब. पाळन्यात दत्तू हाय. इचारा कुनाला बी."

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. परत आत जायचा धीर झाला नाही.

आज दुपारी तिला पोचवून आलो. ही पोस्ट नात टाईप करतेय. विचारते, आजोबा, खाली नाव कुठलं टाकू?

दत्तात्रेयच टाक, म्हटलं.

आत्या, शेवटचा नमस्कार गं.